एक जेरीकॅन आणि वीस टन

चीता हेलिकॉप्टर जवळून पाहिलं की नजर आधी शेपटीवर जाते. तिला पत्राच नाही. पोलादी नळ्यांची उघडी जाळी, बांधकामावरच्या परांचीचा तुकडा आडवा बसवावा तशी. पुढे काचेचा मोठा घुमट आणि त्यात जेमतेम पाच माणसांची जागा. इंजिन छतामागे उघडंच बसवलेलं. खाली चाकं नाहीत, दोन वाकवलेल्या नळ्या आहेत. त्यांना स्किड म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काम अर्धवट राहिलं असावं. तसं नाही. जे जे काढून टाकता येईल ते काढलं, म्हणून हे यंत्र असं दिसतं. पत्रा म्हणजे वजन. चाकं आणि त्यांचे ब्रेक म्हणजे वजन. आणि या हेलिकॉप्टरला ज्या जागी जायचं आहे तिथे दहा किलोचाही हिशेब मागितला जातो.

नाशिक रोडजवळच्या गांधीनगरात भूदलाची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. त्या भागात राहणाऱ्यांना या हेलिकॉप्टरांचा आवाज घरच्या घड्याळाइतका ओळखीचा. तिथे शिकलेला तरुण कॅप्टन काही वर्षांत लडाखमध्ये बर्फाच्या एका पट्टीवर उतरत असतो. देशाच्या सैन्याकडे कोणती हेलिकॉप्टरं असावीत आणि किती, या प्रश्नाची सुरुवात मी त्या पट्टीपासून करतो. एरवी ही चर्चा वेग, क्षेपणास्त्रं आणि कोटींच्या आकड्यांनी सुरू होते. पण हेलिकॉप्टरची निवड आधी हवा करते. माणसांचा नंबर त्यानंतर.

हेलिकॉप्टर वर राहतं, कारण त्याचं फिरतं पातं हवा खाली ढकलतं. हवा विरळ झाली की ढकलायलाच कमी उरतं, आणि इंजिनालाही श्वास अपुरा पडतो. सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण निम्मी असते. त्यात उष्णतेची भर पडते, कारण तापलेली हवा फुगून आणखी विरळ होते. लेहचा विमानतळ साधारण सव्वातीन हजार मीटरवर आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी पारा तीस अंशांवर गेला की तिथली हवा जवळजवळ साडेचार हजार मीटरवरच्या हवेसारखी वागते. हेलिकॉप्टर जमिनीवर उभंच असतं, पण त्याच्या पात्यांच्या दृष्टीने डोंगर बाराशे मीटरने उंच झालेला असतो. म्हणून हिमालयातली उड्डाणं भल्या पहाटे होतात. तेव्हा हवा थंड, घट्ट आणि शांत असते.

आता एक छोटा हिशेब मांडू. आकडे चीताच्या जवळपासचे घेतले आहेत, समजण्यापुरते. सपाटीवर हे हेलिकॉप्टर एकूण १,९५० किलो घेऊन उडतं. त्यात त्याचं स्वतःचं वजन १,०२० किलो. दोन वैमानिक, जाड कपडे आणि बुटांसकट, १८०. इंधन २००. बेरीज १,४००. म्हणजे सामानासाठी ५५० किलो उरले. आता समजा उंचीवर गेल्यावर त्याची उचलण्याची ताकद १,४२० किलोवर आली. ताकद कमी झाली पाव भागाहून थोडी जास्त. पण यंत्राचं वजन तेवढंच, वैमानिक तेवढेच, इंधन तेवढंच. सामानाला उरले वीस किलो. एक जेरीकॅन.

सियाचीनच्या सर्वांत उंच चौक्यांवर रॉकेल खरोखर असंच जातं, एका फेरीला एक-दोन कॅन. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की खरेदीच्या जाहिरातीतली 'कमाल वजनक्षमता' वाचताना पहिला प्रश्न आपोआप पडतो: कुठे? समुद्रकिनाऱ्यावर की वीस हजार फुटांवर?

चीताचं मूळ नाव लामा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय सैन्याला हिमालयासाठी हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. फ्रेंचांनी त्यावर काढलेला तोडगा फार साधा होता. अलुएत-२ या लहान हेलिकॉप्टरचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर मोठ्या अलुएत-३चं इंजिन आणि रोटर चढवायचा. हेच अलुएत-३ म्हणजे आपलं चेतक. शिवाय इंजिन पूर्ण ताकदीने चालवायचंच नाही. मूळ ८७० अश्वशक्तीचं इंजिन ५५०वर बांधून ठेवलं. सपाटीवर राखून ठेवलेली ही ताकद उंचीवर कामी येते. १९६९ मध्ये लामाने हिमालयात साडेसात हजार मीटरवर उतरून पुन्हा उड्डाण करून दाखवलं. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक ज्याँ बुले याने ते १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. वर इंजिन विझलं आणि पुन्हा पेटेना. बुलेने नुसत्या वाऱ्यावर पाती फिरती ठेवत ते सुखरूप जमिनीवर आणलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने त्याच काळात बंगळुरूला या हेलिकॉप्टरचं उत्पादन सुरू केलं.

१३ एप्रिल १९८४च्या सकाळी चीता हेलिकॉप्टरांनी कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या तुकडीला बिलाफोंड ला खिंडीजवळ बर्फावर उतरवलं. तीसेक जवान. एका फेरीत दोघं, फार तर तिघं. मोठ्या हेलिकॉप्टरने तीसही जण एका खेपेत नेले असते, पण त्याला तिथे तेवढा भार घेऊन उतरताच आलं नसतं. सियाचीन ताब्यात घेणारं ऑपरेशन मेघदूत त्या लहान लहान फेऱ्यांवर उभं राहिलं आणि सियाचीनमधलं आपलं ठाणं आजही तसंच टिकून आहे.

पण म्हणून सगळं सैन्य चीतांवर चालेल का? आपल्या बाजाराचंच उदाहरण घ्या. मार्केट यार्डात माल ट्रकने येतो, दुकानापर्यंत टेम्पो आणतो, घरी तो पिशवीतून जातो. पिशव्यांनी यार्ड रिकामं होत नाही आणि ट्रक जिना चढत नाही. सियाचीनची रसद अशीच पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. चंदीगडहून मोठी मालवाहू विमानं लेह आणि थॉइसला येतात. तिथून ट्रक आणि एमआय-१७, ध्रुव ही चीताहून मोठी हेलिकॉप्टरं मधल्या तळांपर्यंत माल नेतात. शेवटचा टप्पा चीताचा. हेलिकॉप्टरांचा मेळ म्हणजे ही साखळी. त्यातली एक कडी कमी पडली तर खाली कितीही माल साठलेला असो, वरची शेगडी पेटत नाही.

आणि नेमकी शेवटचीच कडी आपण सर्वांत जास्त काळ दुर्लक्षित ठेवली. १९७२ साली भारतात पहिल्यांदा उडालेल्या हेलिकॉप्टरच्या जागी नवं आणायचं, हे कोणालाच अमान्य नव्हतं. १९७ हलकी हेलिकॉप्टरं घ्यायची स्पर्धा झाली, युरोपीय यंत्र निवडलं गेलं आणि डिसेंबर २००७ मध्ये सगळी प्रक्रिया रद्द झाली. पुन्हा निविदा निघाल्या, बर्फात पुन्हा चाचण्या झाल्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्याही रद्द झाल्या. मग रशियाची दोनशे कामोव्ह-२२६टी घ्यायची आणि त्यांतली बहुतेक इथेच बांधायची, असं ठरलं. तेही अडलं. या मधल्या वर्षांत चीता आणि चेतकचे अपघात होत राहिले, त्यांत तरुण अधिकारी गेले. वैमानिकांच्या कुटुंबीयांनी या जुन्या यंत्रांविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. खरेदीचा नियम पाळण्यात गेलेलं प्रत्येक वर्ष कोणाच्या तरी घरावरून जातं, हे फायलीत कुठेच लिहिलेलं नसतं.

आता लढाऊ हेलिकॉप्टरांकडे वळू. त्यांची गोष्ट कारगिलपासून सुरू होते.

मे १९९९. हवाई दलाकडे एमआय-२५ आणि एमआय-३५ ही चिलखती, तोफा लावलेली रशियन हेलिकॉप्टरं होती. त्यांतल्या एमआय-२५ने श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर काम केलं होतं. पण ती मैदानी प्रदेशासाठी बनलेली. तोलोलिंग शिखराच्या पंधरा-सोळा हजार फुटांवर त्यांचं वजन त्यांनाच झेपत नव्हतं. तिथे पोहोचू शकत होतं एमआय-१७. मूळचं माणसं आणि माल वाहणारं, मोठ्या पोटाचं, मनमिळाऊ यंत्र. त्याच्या दोन्ही बाजूंना रॉकेटं बांधली आणि त्याला डोंगरकड्यावर मारा करायला पाठवलं. २८ मे रोजी अशा चार हेलिकॉप्टरांच्या तुकडीतलं एक खांद्यावरून सोडलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. त्यातले चारही जण हुतात्मा झाले. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला फसवणाऱ्या जळत्या फ्लेअर त्याच्याकडे नव्हत्या. त्या दिवसानंतर हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामातून काढून घेतलं गेलं.

चूक वैमानिकांची नव्हती आणि एमआय-१७ची तर नव्हतीच. उंचावर लढणारं हेलिकॉप्टर आपल्या ताफ्यात नव्हतं, म्हणून ओझं वाहणाऱ्याला लढायला जावं लागलं. ताफ्यातली रिकामी जागा शत्रू दाखवून देतो तेव्हा ती अशी दिसते.

ती जागा भरायला 'प्रचंड' हे हेलिकॉप्टर जन्माला आलं. ध्रुव हेलिकॉप्टरचं इंजिन, रोटर आणि गिअरबॉक्स घेऊन अरुंद, दोघांना एकामागे एक बसवणारं लढाऊ शरीर त्याभोवती रचलं. पहिलं उड्डाण २९ मार्च २०१०. चाचण्यांत ते सियाचीन भागात ४,८०० मीटरच्या आसपासच्या हेलिपॅडवर उतरलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला ते हवाई दलात दाखल झालं आणि मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ प्रचंडचा करार झाला: ६६ हवाई दलासाठी, ९० भूदलासाठी.

मग अमेरिकेचं अपाचे कशाला घेतलं, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रचंडचं कमाल वजन ५.८ टन, अपाचेचं दहा टनांच्या वर. या जास्तीच्या टनांत चिलखत येतं, रोटरच्या डोक्यावर बसवलेलं रडार येतं, रणगाडाभेदी हेलफायर क्षेपणास्त्रं सोळापर्यंत नेता येतात. राजस्थानच्या वाळवंटात किंवा पंजाबच्या मैदानात समोर रणगाड्यांचा जथा असेल तर हे सगळं हवंच. कड्यावर मात्र तेच टन पायातली बेडी होतात. २०२० मध्ये अपाचेही लडाखला गेली, आणि गरज पडली तर पुन्हा जातील. पण उंचीवर कायमचा मुक्काम हलक्या यंत्रानेच करावा. हवाई दलाने २२ अपाचे घेतली, भूदलाने सहा. मोठा आकडा प्रचंडचा आहे. या वाटपात मला विचार दिसतो.

जड हेलिकॉप्टरांबद्दल थोडक्यात. रशियाचं एमआय-२६ वीस टन उचलतं. त्याच्या रोटरचा व्यास ३२ मीटर आहे. एवढं मोठं यंत्र मूठभरच असतं आणि मूठभर यंत्रांचे सुटे भाग मिळवणं कायमची डोकेदुखी. २०१९ मध्ये चंदीगडला आलेलं चिनूक त्याच्या निम्मंच वजन उचलतं, पण ते अधिक भरवशाने आणि अधिक ठिकाणी. त्याला पुढेमागे दोन मोठे रोटर आहेत. ते उलट दिशांना फिरतात, म्हणून शेपटीचा लहान रोटर लागत नाही आणि इंजिनाची सगळी ताकद उचलण्यातच जाते. सव्वाचार टनांची एम-७७७ तोफ दोराला लटकवून चिनूक ती घाटाच्या पलीकडे नेऊन ठेवतं. डोंगरात रस्ता पोहोचायच्या आधी तोफ पोहोचते. सीमेवर रस्ते बांधणाऱ्यांचे बुलडोझर सुटे करून वर नेण्याचं कामही याच वर्गाचं. अशी पंधरा पुरतात. शंभर घेऊन करायचं काय?

समुद्रावर सगळे नियम बदलतात. तिथे उंची नाही, पण जागा नाही. युद्धनौकेच्या मागच्या टोकाला लहानसं डेक, त्याला लागून हँगर. डेक वर-खाली होतं, डोलतं. हेलिकॉप्टर त्यावर उतरल्यावर पाती मिटून, शेपूट दुमडून हँगरमध्ये ढकलता आलं पाहिजे. नाहीतर खारा वारा काही महिन्यांत त्याला खाऊन टाकतो. ध्रुव नौदलाला जहाजांवरच्या मुख्य कामासाठी पसंत पडलं नाही, त्यामागे हेच कारण होतं. त्याच्या पात्यांची मांडणी उंचीवर आणि चपळाईत उत्तम, पण घडी करायला अवघड. डोंगरात ज्या गुणासाठी पाठ थोपटावी तोच गुण हँगरच्या दारात अडतो.

पाणबुडी शोधणाऱ्या हेलिकॉप्टरचं काम तर वेगळ्याच जातीचं. ते लाटांवर घिरट्या घालत केबलच्या टोकाला सोनार पाण्यात सोडतं, ऐकतं, वर घेतं आणि पुढे सरकतं. विहिरीत पोहरा सोडून किती पाणी आहे ते पाहावं तसं, पुन्हा पुन्हा, तासन् तास. मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी आयएनएस शिक्रा हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे. तिथल्या सी किंग हेलिकॉप्टरांनी अनेक वर्षं हे काम केलं. वादळात तीच माणसं वाचवायलाही गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाली, तेव्हा खवळलेल्या समुद्रातून माणसं उचलायला जहाजांबरोबर नौदलाची हेलिकॉप्टरंही धावली.

सी किंगकडून आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. ती ब्रिटनमध्ये बांधलेली, पण तिच्यात अमेरिकी भाग. १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले, भाग मिळेनासे झाले आणि अनेक सी किंग हँगरमध्ये बसून राहिल्या. त्याच निर्बंधांत ध्रुवसाठी ठरलेलं अमेरिकी इंजिनही हातचं गेलं आणि फ्रेंच इंजिनाकडे वळावं लागलं. यंत्र कोणाकडून घेतो यापेक्षा त्याचा लहानातला लहान भाग कोणाकडून येतो, हे जास्त महत्त्वाचं. आज नौदलाने पाणबुडीविरोधी कामासाठी अमेरिकेची २४ एमएच-६०आर घेतली आहेत. मार्च २०२४ मध्ये कोचीला त्यांचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं. यंत्र आजच्या घडीला या कामातलं अव्वल आहे. सुट्या भागांचा साठा आपल्याच कोठारात किती ठेवतो, यावर त्याची खरी किंमत ठरेल.

आता मुख्य गुंता. प्रत्येक कामाला वेगळं यंत्र घेत गेलं तर ताफ्यात दहा-बारा जाती होतात. प्रत्येकीचे वेगळे तंत्रज्ञ, वेगळी हत्यारं, वेगळे सुटे भाग, वैमानिकांचं वेगळं शिक्षण. म्हणून जाणकार सांगतात, जाती कमी ठेवा. आपल्याकडे ध्रुवच्या नव्या आवृत्त्या, ध्रुवचं सशस्त्र रूप रुद्र आणि प्रचंड यांच्यात एकच शक्ती इंजिन आहे. एक बिघाड दुरुस्त करण्याचं कौशल्य तिन्ही ठिकाणी कामी येतं. हे फार शहाणपणाचं आहे.

आणि त्याची दुसरी बाजूही नुकतीच पाहिली. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघे गेले. वैमानिकाच्या हाताचा इशारा फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी जी गोल तबकडी असते, ती स्वॅशप्लेट, तिच्यात बिघाड आढळला. तिन्ही दलं आणि तटरक्षक मिळून तीनशेहून अधिक ध्रुव जमिनीवर उभी केली गेली. भूदल आणि हवाई दलाच्या यंत्रांना पुन्हा उडायची परवानगी मिळायला काही महिने लागले, नौदल आणि तटरक्षकांना त्याहून जास्त. त्या महिन्यांत उंच चौक्यांचा भार कोणी वाहिला? ज्यांना निवृत्त करायची घाई होती त्या चीता आणि चेतक यांनी, आणि एमआय-१७ने.

म्हणून माझं मत असं की प्रत्येक वजनगटात एक मुख्य स्वदेशी यंत्र असावं आणि त्याच्या शेजारी, त्याच्याशी कुठलाही महत्त्वाचा भाग समान नसलेलं दुसरं यंत्र, थोड्या संख्येने. हे खर्चीक आहे. लेखापरीक्षकाला ते उधळपट्टी वाटेल. पण चौकीवरच्या माणसाच्या दृष्टीने तो खर्च रॉकेलइतकाच गरजेचा आहे.

ताफा कोणाचा, हा वाद मी लांबवणार नाही. भूदलाचं स्वतंत्र हवाई दल १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झालं आणि तेव्हापासून लढाऊ हेलिकॉप्टरं भूदलाकडे असावीत की हवाई दलाकडे यावर ओढाताण चालली आहे. माझा कल भूदलाकडे आहे. जमिनीवरच्या तुकडीबरोबर राहणारा, तिचा रेडिओ ऐकणारा, तिच्याच मेसमध्ये जेवणारा वैमानिक तिला जास्त वेळेवर सापडतो. जड मालवाहू हेलिकॉप्टरं हवाई दलाकडेच बरी.

चीताची जागा घेण्यासाठी बनवलेलं यंत्र आता उडतं आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं एलयूएच, एका इंजिनाचं, सव्वातीन टनांच्या आतलं. एकच इंजिन का, तर उंचीवर दुसरं इंजिन म्हणजे आधी दुसरं ओझं. २०२० मध्ये ते दौलत बेग ओल्डीला पाच हजार मीटरवर उतरलं आणि सियाचीनच्या उंच हेलिपॅडवरही जाऊन आलं. कर्नाटकात तुमकुरूला त्याच्यासाठी मोठा कारखाना उभा आहे. आता तिथून ती यंत्रं शेकड्याने बाहेर पडायला हवीत, आणि दर वर्षी किती बाहेर पडली हे संसदेत विचारलं जायला हवं.

तोवर पहाटे दोन चीता उडतात. सियाचीनमध्ये एकटं कोणी जात नाही. एक पडलं तर दुसऱ्याने पाहिलं पाहिजे. हिमनदीच्या वर, उजेड फुटताना, पहिलं बर्फाच्या त्या पट्टीवर टेकतं. इंजिन बंद करत नाहीत, तिथे ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. पांढऱ्या कपड्यांतला एक जवान वाकून पुढे येतो, जेरीकॅन उतरवून घेतो, घरी पाठवायच्या पत्रांची पिशवी आत सरकवतो. अर्ध्या मिनिटात पट्टी रिकामी होते आणि दुसरं उतरायला लागतं.